निःसंशयरावांची सही

ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना निःसंशयराव म्हणत, आणि त्यात दोष त्यांचा स्वतःचाच होता. वादातल्या कागदपत्रांची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली. मृत्युपत्रं, करारनामे, धमकीची पत्रं, क्वचित एखादं प्रेमपत्रसुद्धा. जो कागद एकजण खरा म्हणे आणि दुसरा खोटा, तो फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येई. ते तो भिंगाखाली धरत आणि अहवालाच्या शेवटी ठरलेलं वाक्य लिहीत: 'माझ्या मते ही सही निःसंशय बनावट आहे.' किंवा, 'निःसंशय खरी आहे.' छापील फॉर्मवर तिसरीही एक ओळ होती, 'निश्चित मत देता येत नाही.' उभ्या नोकरीत ती ओळ त्यांनी किती वेळा वापरली हे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, आणि अंगठा रिकामा राहिला असता.

याला गर्व म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण तो फुकटचा नव्हता. एका सहीवर ते तीन तीन दिवस घालवत. त्यांचे दोन नियम होते आणि ते दोन्ही त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला घोटून घोटून शिकवले होते. पहिला नियम, सही उलटी ठेवून बघायची. सुलटी ठेवली की डोळा लगेच नाव वाचतो आणि नाव वाचलं की माणूस फसतो. उलटी ठेवली की नुसती रेघ उरते, आणि रेघेला फसवता येत नाही. दुसरा नियम, कागदाआधी माणूस बघायचा नाही. फिर्यादी कोण, आरोपी कोण, कोण रडतंय, कुणाला चार पोरं आहेत, यातलं काही कानावर पडू द्यायचं नाही. साक्षीला उभं राहिल्यावरसुद्धा ते फक्त न्यायाधीशांकडे आणि समोरच्या कागदाकडे बघत. वकील लोक त्यांना जाम घाबरत, कारण उलटतपासणीत त्यांचा आवाज कधी चढत नसे.

निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचंच जुनं भिंग लाकडी पेटीत घालून भेट दिलं. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं सकाळी फिरणं, दुपारी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी बायकोशी शब्दकोड्यावरून वाद, यात बरी गेली. मग एकाहत्तराव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायला लागली. बायको म्हणाली, "अहो, चहा प्या, वाजवू नका." महिनाभरानं तिनं चेष्टा थांबवली आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढत जाणार हेही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

खरी गोष्ट सुरू झाली ती बँकेत. पेन्शन घेणाऱ्याला दर वर्षी आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. निःसंशयरावांनी हयातीचा फॉर्म भरला, खाली सही केली. त्यांची सही साधीच होती, नावाची तीन अक्षरं, मधे दोन गोल वळणं, आणि शेवटी खालून एका दमात ओढलेली आडवी रेघ. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म मशीनमध्ये सरकवला, पडद्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"काका, सही जुळत नाही. एकसष्ट टक्के दाखवतंय. पंच्याहत्तर लागतात."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, "अहो, माणूस तुमच्यासमोर जिवंत उभा आहे!"

"ते मला दिसतंय हो," मुलगी बिचारी कानकोंडी झाली. "पण फॉर्मवर सही जुळायला हवी ना."

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथं आकाशपाताळ एक केलं असतं. निःसंशयराव उलट त्या गृहस्थांवरच उखडले. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "कागदाआधी माणूस बघायचा नसतो." आणि नवीन फॉर्म घेऊन घरी आले.

घरी येऊन त्यांनी जे केलं ते ऐकून त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाचाही विश्वास बसला नसता. त्यांनी आपलं तीस वर्षांपूर्वीचं ओळखपत्र काढलं. त्यावरची सही समोर ठेवली आणि एका कोऱ्या वहीत ती गिरवायला बसले. एक पान, दोन पानं, चार पानं. अवघड वळण आलं की श्वास रोखायचे, पेन थांबवायचे, समोर बघायचे, मग पुढे सरकायचे. पाचव्या दिवशी त्यांना वाटलं, जमली. फॉर्मवर सही केली आणि बँकेत नेऊन दिली.

"काका," मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता अठ्ठेचाळीस आलेत."

निःसंशयरावांनी नाकारलेले दोन्ही फॉर्म परत मागून घेतले. त्या दुपारी बायको शेजारी गेली होती. त्यांनी खिडकीशी टेबल ओढलं, लाकडी पेटीतून भिंग काढलं, आणि आपली दुसरी सही उलटी ठेवून, ती कुणा परक्या माणसाची आहे असं समजून तपासली. रेघ संथ. दाब सगळीकडे सारखा, जिवंत हाताचा चढउतार नाही. दोन ठिकाणी पेन उचलून परत टेकवल्याची खूण. थरथर आहे, पण सगळीकडे नाही, नेमकी अवघड वळणांवर.

हाच तर त्यांचा गाजलेला धडा होता. म्हातारपणाची थरथर रेघेत सगळीकडे असते, सोप्या जागीही आणि अवघड जागीही. खोटं करणाऱ्याची थरथर फक्त वळणावर असते, कारण तिथं तो घाबरतो. हा फरक ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. ही सही त्यांच्या टेबलावर आली असती तर खाली काय लिहिलं असतं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी ती निःसंशय बनावट ठरवली असती.

आणि ती त्यांचीच होती. त्यांच्या हातानं, त्यांच्या पेनानं, त्यांच्याच टेबलावर केलेली. वळणावर हात थरथरला होता तो लबाडीच्या भीतीनं नव्हे. या वेळी तरी लोकांनी खरी मानावी म्हणून ते जीव ओतून सही करत होते, म्हणून. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली, कारण त्यांना एक जुनी सही आठवली.

त्यांच्या टिपणवह्या माळ्यावर होत्या. बायको परत आली तेव्हा हे शिडीवर, एका हातानं शिडी धरलेली आणि दुसरा हात थरथरतोय. तिनं आधी त्यांना खाली उतरवलं, मग बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मग स्वतः चढून वह्या काढून दिल्या. चौदा वर्षांपूर्वीची वही सापडली. पान सापडलं.

प्रकरण एका बुकबाइंडरचं होतं. पुस्तकं बांधणारा एकटा म्हातारा, राहायच्या दोन खोल्या आणि पुढे दुकान. शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. एक नर्सबाई त्याचं सगळं करायची. मरण्याआधी दोन महिने त्यानं दोन खोल्या आणि दुकान तिच्या नावानं लिहून दिलं, असा तो कागद होता. म्हाताऱ्याचा पुतण्या कोर्टात गेला. निःसंशयरावांनी कागद तपासला आणि टिपणात तीन कारणं लिहिली. थरथर फक्त वळणांवर आहे. दोन ठिकाणी पेन उचललं आहे. आणि तिसरं, ज्यावर ते तेव्हा मनातल्या मनात खूश झाले होते: तिरप्या प्रकाशात कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन नखांच्या अर्धगोल खुणा दिसतात. म्हणजे कागद खऱ्या सहीवर ठेवून, हलू नये म्हणून बोटांनी घट्ट दाबून, वरून सही गिरवलेली आहे. खाली ते नेहमीचं वाक्य. कोर्टानं कागद फेटाळला. बाईच्या खोल्या गेल्या. पुढे तिच्यावर फसवणुकीची केस झाली, ती टिकली नाही, पण तोवर नर्स म्हणून तिला कुणी दारात उभं करेनासं झालं होतं. एवढं निःसंशयरावांना नंतर कुणाकडून तरी कळलं होतं आणि त्यांनी ते कानाआड केलं होतं. नियम नियम असतो.

"मग ती सही खरी होती तर," बायको म्हणाली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"असं मी म्हणत नाहीये."

"म्हणजे? आत्ताच तर म्हणालात, तुमच्या सहीसारखीच होती."

"माझी खरी असून खोटी दिसते. त्याची खोटी म्हणूनच खोटी दिसत असेल. मला काय ठाऊक? मी तिथं होतो का?"

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, मग ठाऊक काय आहे तुम्हाला?"

"तेच तर," निःसंशयराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसल्यासारखा झाला. "चौतीस वर्षांत किती माणसं गेली असतील गं माझ्या टेबलावरून? पाच हजार? त्यातली किती अशी असतील? मला ते कधीच कळणार नाही. चुकलो ते कळणार नाही आणि बरोबर होतो तेही कळणार नाही."

तिनं वही मिटली आणि म्हणाली, "त्या बाईला जाऊन भेटा. पाच हजारांना नाही भेटता येणार. हिला येईल."

नर्सबाईचे वकील आता थकून घरी बसले होते. निःसंशयरावांनी त्यांना गाठलं. वकिलांनी आधी त्यांना ओळखलं, मग ते का आले हे ऐकलं. "साहेब, अपिलाची मुदत कधीच संपली," ते म्हणाले. "पुतण्यानं जागा विकली. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो पुतण्याही गेला. तुम्ही आता काही लिहून दिलंत तरी त्याला कोर्टात काडीची किंमत नाही." मग त्यांनी बाईचा पत्ता दिला. निरोप घेताना एवढंच म्हणाले, "उलटतपासणीत मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, खात्री आहे का म्हणून. तीनदा तुम्ही तोच शब्द म्हणालात."

पत्र लिहायला चार दिवस लागले. ते टाइप करून घ्या असं बायकोनं सांगून पाहिलं, पण त्यांनी हातानंच लिहिलं. 'माझी चूक झाली' असं एक वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ते लिहिलं असतं तर बाईला बरं वाटलं असतं, आणि त्यांना त्याहून जास्त बरं वाटलं असतं. पण ते पुन्हा तेच झालं असतं, ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणून लिहून देणं. शेवटी पत्रात चार ओळी राहिल्या. त्या सहीबद्दल मी दिलेलं मत मागे घेतो. ती सही खरी की बनावट, हे सांगता येत नाही. ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. तरी मी सांगितलं. खाली सहीची जागा त्यांनी कोरी ठेवली. घरी केली तर हात पुन्हा सही चित्रासारखी काढत बसेल, करणार नाही, हे ते आता ओळखून होते.

मधल्या काळात बँकेचं प्रकरण मार्गी लागलं. शेवटी अंगठा उठवून ते जिवंत ठरले.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करत होती. तळघरात, जिन्यानं उतरून उजवीकडे. आत वाफेनं हवा जड झालेली, भिंतीशी पाच मोठी मशीनं घरघरत होती, आणि मधे पत्र्यानं मढवलेल्या लांब टेबलावर दोन बायका चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यातली एक साठीची, केस घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत लाल. रुग्णांच्या खाटेजवळ तिला कुणी ठेवलं नाही, पण त्यांच्या चादरी तिच्याकडे दिल्या होत्या.

तिनं वर बघितलं. "तुम्ही भिंगवाले," ती म्हणाली.

निःसंशयराव चपापले. "तुम्ही ओळखलंत?"

"मी तुम्हाला चांगलं तासभर बघत होते कोर्टात. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत."

"नियम होता तसा," ते म्हणाले. म्हणताना त्यांना तो नियम फार किरकोळ वाटला.

दुसरी बाई ट्रॉली ढकलत शहाणपणानं बाहेर गेली. निःसंशयरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बँक, मशीन, एकसष्ट, अठ्ठेचाळीस, वहीतली गिरवलेली पानं. बाई घड्या घालत राहिली. चादरीचे कोपरे जुळवायचे, झटकायचं, दुमडायचं, थप्पीवर ठेवायचं. हात थांबले नाहीत. त्यांचं सांगून झालं तेव्हा तिनं विचारलं,

"म्हणजे आता मी खरी?"

इथं 'हो' म्हणायला फार सोपं होतं. निःसंशयरावांचे ओठ हललेही. मग ते म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, बाई."

तिनं हातातली चादर टेबलावर आपटली. "चौदा वर्षांनी एवढं सांगायला आलात? तेव्हा सगळं सांगता येत होतं. माझ्या हातात पेन होतं, मी कागद कसा धरला, कसा दाबला, सगळं! जसे काय माझ्या मागे उभे होतात. आणि आता सांगता येत नाही?"

"हो."

"मग उपयोग काय तुमचा?"

"काही नाही," ते म्हणाले. "तेव्हाही एवढंच म्हणायला हवं होतं. तुमच्या खोल्या राहिल्या असत्या कदाचित. तुमचं काम राहिलं असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

बाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हात पुसून पत्र घेतलं आणि चारही ओळी वाचल्या. मशीनची घरघर चालूच होती.

"सही कुठंय?"

"तुमच्यासमोर करायची होती."

तिनं थप्पी बाजूला सारून जागा केली आणि स्टूल पुढे ढकललं. ते बसले, खिशातून पेन काढलं. वाफेनं टेबलाचा पत्रा ओला होता आणि कागद त्यावर ठरेना. पेन टेकलं की सरकायचा, हात थरथरला की आणखी सरकायचा. पहिलं अक्षर कसंबसं उमटलं. दुसऱ्याला कागद तिरका झाला.

बाईनं विचार न करता, चादर सारखी करावी तशा सवयीनं, डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली आणि कागदाचा डावा खालचा कोपरा दाबून धरला. "सावकाश करा," ती म्हणाली. "घाई नाही."

निःसंशयरावांचं पेन थांबलं. ते त्या दोन बोटांकडे बघत राहिले. नखं कागदात किंचित रुतली होती.

"त्यांचाही असाच धरला होता का?" त्यांनी विचारलं.

"मग काय? अंथरुणात बसून लिहायचे ते, मांडीवर पाट घेऊन. सरकायचा कागद. मी नाही धरणार तर कोण धरणार?"

"तुम्ही कोर्टात हे बोलला नाहीत."

"कुणी विचारलंच नाही. तुम्हाला विचारलं त्यांनी."

निःसंशयरावांना आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. पण चौतीस वर्षांची सवय अशी जात नाही, आणि जायलाही नको होती. हे ती आत्ता सुचून बोलत नसेल कशावरून? कागद तर कुणीही कुणासाठीही धरतं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, यानंही काही सिद्ध होत नाही."

"तुमच्यासाठी होत नसेल," बाई म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता. "मी तिथं होते."

तिनं बोटं काढली नव्हती. वाफेचा एक लोट दोघांच्या मधून गेला.

"करा ना," ती म्हणाली. "खालची रेघ राहिलीय तुमची."

निःसंशयरावांनी पेन पुन्हा टेकवलं आणि कुठंही न थांबता रेघ ओढली. ती वाकडीतिकडी आली, त्यांच्या कुठल्याच जुन्या सहीशी न जुळणारी. मग बाईनं कोपऱ्यावरची बोटं उचलली.